मेट्सचा धावफलक भिंतीवर: २०२५ च्या मोसमासाठीच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

उद्देश: न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा सामना चालू असताना भिंतीकडे नुसती नजर टाकली की धावा, इनिंग, आऊट, बॉल-स्ट्राइक आणि बेसवरचे धावक कळले पाहिजेत. बाकीची आकडेवारी फोनवर असतेच; ती फलकावर कोंबायची नाही.

मुदत २७ मार्च. त्या दिवशी मेट्स ह्यूस्टनमध्ये ॲस्ट्रोजविरुद्ध मोसमाची सुरुवात करतात. त्याआधी २२ फेब्रुवारीपासून त्यांचे सराव सामने आहेत आणि १८ व १९ मार्चला टोकियोत लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध शिकागो कब्ज. तालमीला भरपूर सामने मिळतात.

यंदा एवढी घाई कशाला, हे मेट्सच्या चाहत्यांना सांगायला नको. गेल्या ऑक्टोबरात संघ मेजर लीगमधल्या नॅशनल लीग या गटाच्या अंतिम मालिकेत डॉजर्सकडून ४-२ असा हरला, आणि डिसेंबरात फलंदाज हुआन सोतोने १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार करून याच शहरातल्या यांकीजमधून इकडे उडी मारली. फलक चालवणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीनेही हा मोसम खट्याळ आहे. ॲथलेटिक्स या संघाने ओकलंड सोडून सॅक्रामेंटोत बिऱ्हाड टाकले आहे. चक्रीवादळात टँपा बे रेज या संघाच्या मैदानाचे छप्पर फाटल्याने ते टँपात यांकीजच्या सराव मैदानावर खेळणार आहेत. शहराचे किंवा मैदानाचे नाव प्रोग्राममध्ये कायमचे लिहून ठेवलेले जुने फलक यंदा खोटे बोलणार, हे नक्की.

सामान: ६४×३२ दिव्यांची एलईडी मॅट्रिक्स पॅनेल दोन, पी४ जातीची (दोन दिव्यांत ४ मिमी अंतर, एक पॅनेल २५६×१२८ मिमी). रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता "पाय"), २ जीबी. पायवर बसणारे मॅट्रिक्स बॉनेट. पायचे संकेत ३.३ व्होल्टचे आणि पॅनेलला हवेत ५ व्होल्टचे, ते वर चढवण्याचे काम याचे. ५ व्होल्ट, १० अँपिअरचा पॉवर सप्लाय. १६ पिनांच्या दोन फ्लॅट केबल, १८ गेजची लाल-काळी वायर, ३२ जीबीचे मेमरी कार्ड, १२ मिमी प्लायवूड, ३ मिमी धुरकट ॲक्रिलिक.

पी३ स्वस्तात मिळत होते, पण तीन-चार मीटरवरून वाचायचे तर पी४ च बरे. रास्पबेरी पाय ५ मुद्दाम टाळला आहे. त्याच्या पिना वेगळ्या आरपी१ चिपमधून चालतात, त्यामुळे मॅट्रिक्ससाठी वर्षानुवर्षे वापरात असलेली लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) त्यावर चालत नाही. दुकानदार "नवा आहे, वेगवान आहे" म्हणून गळ्यात मारेल, घेऊ नये.

८ फेब्रुवारी

मेट्सचा अलोन्सोही संघात राहिला. दोन वर्षांचा करार झाला. फलकाशी याचा संबंध नाही, पण नोंद हवी.

वीजजोडणी पूर्ण. ६४×३२ चे एक पॅनेल पूर्ण पांढरे पेटवले तर ५ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर खाते. दोन पॅनेलचे ८. बॉनेटवरच्या गोल सॉकेटमधून एवढा प्रवाह नेऊ नये, सॉकेट तापते आणि व्होल्टेज पडते. म्हणून सप्लायपासून प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र जाड वायर आणि पायसाठी वेगळी जोडी. ऋण टोक तिघांचे एकच. ते सुटे राहिले की चित्रात रंगीबेरंगी ठिपके नाचतात आणि माणूस दोष प्रोग्रामला देत बसतो.

प्रत्यक्षात फलकाचा बहुतेक भाग काळा असतो. ४५ टक्के प्रकाशमानावर मल्टिमीटर दीड अँपिअरच्या आसपास राहिला. तरीही सप्लाय १० चाच ठेवावा, कारण सुरू होताना एखादा चाचणीचा पांढरा पडदा आला आणि सप्लाय अपुरा असला तर पाय मध्येच बंद पडतो आणि कार्ड बिघडते.

फ्लॅट केबलवर बाण असतो आणि पॅनेलच्या मागेही. बॉनेटची केबल "आत" लिहिलेल्या बाजूला, दुसऱ्या पॅनेलची "बाहेर" लिहिलेल्या बाजूपासून. केबल ३० सेंटिमीटरच्या आतच ठेवावी.

१५ फेब्रुवारी

चित्र आले, पण कडांना लुकलुक. तीन उपाय, याच क्रमाने:

बॉनेटवर ४ आणि १८ क्रमांकाच्या पिना एका छोट्या वायरने सोल्डर करून जोडणे. त्याने दिव्यांच्या उघडझापीचे टायमिंग हार्डवेअरकडे जाते. त्यानंतर पायचा स्वतःचा आवाजाचा ड्रायव्हर बंद करणे अनिवार्य आहे. दोघांना एकच हार्डवेअर लागते, आणि ड्रायव्हर चालू असेल तर लायब्ररी सुरूच होत नाही. शेवटी, प्रोसेसरच्या चार कोरांपैकी शेवटचा कोर बूटच्या वेळीच बाजूला राखून तो फक्त पडदा रंगवण्यासाठी ठेवणे.

पाय ४ हा पॅनेलला झेपेल त्यापेक्षा वेगाने संकेत पाठवतो, म्हणून मंदगतीचा आकडा ४ ठेवला. २ वर अक्षरांना सावल्या पडत होत्या.

पॅनेल विकत घेणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. काही पॅनेलमध्ये निळा आणि हिरवा अदलाबदल झालेले असतात; सेटिंगमध्ये रंगांचा क्रम बदलला की काम होते, वायर उपटू नये. आणि एफएम६१२६ए चिपची पॅनेल सुरुवातीचा विशेष संदेश मिळाल्याशिवाय पेटतच नाहीत. अशी काळीठिक्कर पॅनेल "खराब" म्हणून परत पाठवली जातात, आणि दोष असतो तो एका ओळीच्या सेटिंगचा.

१६ फेब्रुवारी

माहिती मेजर लीगच्या खुल्या डेटा सेवेतून. ती व्यक्तिगत, अव्यावसायिक आणि घाऊक नसलेल्या वापरासाठी आहे, हे तिच्या अटींत लिहिलेले आहे. तेव्हा दर सेकंदाला दार ठोठावायचे नाही. ठरवलेला वेग: सामना चालू असताना दर १० सेकंदांनी, त्या दिवशी सामना असेल पण सुरू नसेल तर दर १० मिनिटांनी, एरवी तासाला एकदा.

सामन्याची संपूर्ण फाइल मागवू नये. शेवटच्या इनिंगपर्यंत ती इतकी फुगते की पायला ती वाचायलाच वेळ लागतो आणि तेवढ्यात पडदा अडखळतो. आपल्याला लागते ती इनिंगवार धावांची छोटी फाइल. काउंट (बॉल-स्ट्राइकची मोजणी), आऊट आणि बेस त्यातच असतात. होमरन (चेंडू थेट कुंपणाबाहेर) झाला की नाही, एवढे मात्र चेंडूवार नोंदीतून घ्यावे लागते.

संघ क्रमांकाने ओळखायचे, नावाने नाही: मेट्स १२१, यांकीज १४७, डॉजर्स ११९, कब्ज ११२, रेज १३९, ॲथलेटिक्स १३३. ॲथलेटिक्सचे गाव गेले, संक्षेप बदलला, क्रमांक तोच.

२२ फेब्रुवारी

पोर्ट सेंट लुसीत मेट्सचा पहिला सराव सामना, ॲस्ट्रोजविरुद्ध. सोतो मेट्सच्या कपड्यांत पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि चेंडू कुंपणाबाहेर. सराव सामन्यातल्या होमरनला काडीची किंमत नसते हे ठाऊक असूनही फलकावर निळे-नारिंगी पट्टे धावताना पाहणे म्हणजे सुख आहे.

सराव सामने फलकाला चांगलेच घोळवतात, म्हणूनच तालमीला उत्तम. या काळात संघ दोन तुकड्या करून एकाच दिवशी दोन ठिकाणी खेळतो. "आजचा मेट्सचा सामना" असे शोधले तर दोन मिळतात आणि प्रोग्राम पहिला उचलून गप्प बसतो. उपाय: यादीत सामना क्रमांकाने फिरायचे, संघाने नाही. सराव सामना बरोबरीतही सुटतो. विजेता शोधून त्याचे नाव ठळक करणारा भाग तिथे कोसळतो. आधी धावा समान आहेत का ते पाहायचे.

१ मार्च

आजचा दिवस रंग आणि अक्षरांचा.

संघांचे अधिकृत रंग कागदासाठी आणि कापडासाठी असतात, दिव्यांसाठी नसतात. यांकीजचा गडद निळा म्हणजे लाल १२, हिरवा ३५, निळा ६४. ४५ टक्के प्रकाशमानावर हा रंग काळाच दिसतो, यांकीजची पट्टीच गायब. मेट्सचा निळा (०, ४५, ११४) जेमतेम तग धरतो. नारिंगी (२५५, ८९, १६) झकास. सरसकट नियम असा लावला: तिन्ही आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा १६० च्या खाली असेल तर प्रमाण न बदलता तिन्ही वाढवायचे. पाद्रेजचा तपकिरी या नियमाने मळकट नारिंगी होतो. तपकिरी म्हणजे मुळात अंधारलेला नारिंगी, आणि दिवा अंधार दाखवू शकत नाही. तिथे त्यांचा पिवळा घेतला.

आता देवनागरी. घरातल्या ज्येष्ठांनाही वाचता यावे म्हणून संघांची नावे मराठीत हवी होती. मॅट्रिक्सच्या लायब्ररीतले ठिपक्यांचे फॉन्ट एकामागून एक अक्षर ठेवत जातात. जोडाक्षर आणि पहिली वेलांटी त्यांना कळत नाही. "मिलवॉकी" लिहिले तर वेलांटी म च्या पुढे जाऊन ल ला चिकटते. म्हणून नावे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पिलो लायब्ररीने चित्र म्हणून काढली, आणि तिच्यासोबत राक्म हा अक्षरमांडणीचा भाग बसवला. तो बसला आहे की नाही हे आधी तपासावे. नसेल तर पिलो तक्रार न करता चुकीचेच चित्र काढते.

फलकाची उंची ३२ ओळी, दोन संघांना १६-१६. वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत १६ ओळी जेमतेम पुरतात. अक्षराचा आकार १४ ठेवला. कडा मऊ करण्याची सोय बंदच हवी. कागदावर सुंदर दिसणाऱ्या करड्या कडा दिव्यांवर धुळीसारख्या दिसतात. एवढ्या लहान आकारात "ॲ"चा चंद्र भरून जातो आणि "ट्स"चा पायमोड शेजारच्या ठिपक्यात मिसळतो. यावर प्रोग्रामचा उपाय शोधत बसू नये. तीसच्या तीस नावांची एकरंगी चित्रे एकदाच बनवावीत, ठिपका ठिपका करून हाताने दुरुस्त करावीत आणि फोल्डरमध्ये ठेवून द्यावीत. नावाला ४८ स्तंभ, धावांना १६. "डायमंडबॅक्स" त्यात मावत नाही, "डी-बॅक्स" केले.

उजव्या पॅनेलवर तीन बेस, इनिंगचा बाण, काउंट आणि आऊटचे दोन ठिपके. तिसरा ठिपका लागत नाही, तिसऱ्या आऊटला इनिंगची बाजूच संपते. पिचच्या घड्याळाचे (पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मिळणारी मुदत) १५ आणि १८ सेकंद दाखवण्याची मागणी येते. त्या माहितीत उलटी मोजणी येतच नाही. अंदाजाने चालवलेले घड्याळ म्हणजे शोभा. वगळले.

९ मार्च

आज अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे गेली. ॲरिझोना हे पाळत नाही, त्यामुळे तिथला दुपारी १:०५ चा सराव सामना कालपर्यंत इथे न्यू जर्सीत ३:०५ ला दिसे, आजपासून ४:०५ ला. वेळा नेहमी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवायच्या आणि दाखवताना फक्त बदलायच्या. "तीन तास वजा" असली गणिते लिहिली तर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये फजिती ठरलेली.

पुण्या-मुंबईत हा फलक बनवणाऱ्यांसाठी मोसमातल्या वेळा: पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७:०५ चा सामना तिथे पहाटे ४:३५ ला, पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सकाळी ७:४० ला, आणि पूर्वेकडचा दुपारी १:०५ चा रात्री १०:३५ ला. म्हणजे सिएटल आणि लॉस एंजेलिसचे सामने चहाबरोबर, रविवारची दुपार जेवणानंतर. भारतात तारीख बहुधा एक दिवस पुढची असते, म्हणून सामना शोधताना घरातल्या घड्याळाची तारीख न वापरता माहितीत येणारी "अधिकृत तारीख" वापरावी.

पाय ४ मध्ये बॅटरीवरचे घड्याळ नाही. वीज गेली आणि वाय-फाय उशिरा आले की तो जुन्याच तारखेवर उठतो आणि शिळा सामना दाखवतो. इंटरनेटवरून वेळ जुळल्याखेरीज फलकाचा प्रोग्राम सुरू होऊ नये, अशी अट सेवेच्या फाइलमध्ये घातली.

१८ मार्च

टोकियो डोम. डॉजर्सचा यामामोटो विरुद्ध कब्जचा इमानागा. मोसमाच्या पहिल्या सामन्यात दोन्ही सुरुवातीचे पिचर जपानी असण्याची मेजर लीगमधली ही पहिलीच वेळ. तिथले संध्याकाळचे ७:१० म्हणजे इथले सकाळचे ६:१०, भारतात दुपारचे ३:४०.

दिवस कधी बदलायचा, याचा कस आज लागला. मध्यरात्री बदलला तर पश्चिम किनाऱ्यावरचा चालू सामना पुसला जातो; २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमधला डॉजर्स-रेड सॉक्स १८ इनिंगांचा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळात पहाटे साडेतीनला संपला होता. सकाळी सातला बदलला तर आजचा सामना सुरू होऊनही फलक कालच्याच दिवसात. ४ वाजता बदल, आणि कुठलाही सामना चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबायचे, असे ठेवले. डॉजर्स ४-१.

१९ मार्च

डॉजर्सच्या सासाकीचे पदार्पण, ओहतानीचा होमरन, डॉजर्स ६-३. आता क्रमवारीत डॉजर्स २-०, कब्ज ०-२, आणि उरलेले २८ संघ ०-०. विजयाची टक्केवारी काढताना शून्याने भागाकार होतो. सामने शून्य असतील तर आडवी रेघ.

दुसरा सापळा जास्त वाईट. मोसमी सामन्याची खूण दिसली की "मोसम सुरू" असे धरून सराव सामने कायमचे लपवणे. टोकियोहून परतल्यावर डॉजर्स २३ ते २५ मार्च एंजल्सशी पुन्हा सराव सामनेच खेळणार आहेत. प्रत्येक सामन्याचा प्रकार त्या त्या सामन्यापुरता पाहायचा.

२२ मार्च

चौकट तयार. आतले माप ५१४×१३० मिमी; पॅनेल ५१२×१२८ ची असली तरी एक-एक मिमी सैल हवी, नाहीतर उन्हाळ्यात प्लायवूड फुगून पॅनेलचे सांधे वर उचलले जातात. वर आणि खाली १० मिमीच्या हवेच्या खाचा. धुरकट ॲक्रिलिक पॅनेलपासून ५ मिमी पुढे. अगदी चिकटवले तर ठिपके टोचतात, फार दूर नेले तर अक्षरे पसरतात.

कार्ड फक्त वाचनासाठी करून टाकले. आता कोणी प्लग उपटला तरी बिघडत नाही.

२७ मार्च, गुरुवार

मोसम उघडला. आज १४ सामने. रेज आणि रॉकीज उद्या. मेट्स ह्यूस्टनमध्ये १-३ हरले. नवव्या इनिंगमध्ये बेसवर दोन धावक, समोर ॲस्ट्रोजचा पिचर हेडर, आणि सोतो स्ट्राइक आऊट. यापेक्षा चांगली तालीम मागून मिळाली नसती, कारण नेमका इथे फलकाचा मोठा अवगुण दिसला: तो खरे बोलतो, पण लवकर. इंटरनेटवरचे चित्र अर्धा मिनिट किंवा त्याहून मागे असते. टीव्हीवर पिचर खुणा पाहत असतो आणि भिंतीवर तिसरा आऊट लागलेला असतो.

उपाय: आलेली प्रत्येक स्थिती वेळेसकट रांगेत टाकायची आणि ठरावीक सेकंदांनी दाखवायची. किती सेकंद, हे पाहण्याच्या साधनावर अवलंबून आहे, आणि प्रक्षेपण मध्ये थांबवून पुन्हा सुरू केले की तेही बदलते. म्हणून बॉनेटवर मोकळ्या असलेल्या १९ आणि २५ या पिनांना दोन बटणे: एकाने ५ सेकंद वाढ, दुसऱ्याने ५ सेकंद घट. नुसता फलक पाहायचा असेल तेव्हा शून्य.

२८ मार्च

मेट्स ३-१. सोतोचा मेट्ससाठीचा पहिला खरा होमरन, उशीर ३५ सेकंद, चित्राशी जुळला.

रात्री डॉजर्स-टायगर्स दहाव्या इनिंगमध्ये गेला. जादा इनिंग दुसऱ्या बेसवर आयता धावक ठेवून सुरू होते. बाजू बदलली की बेस स्वतःहून रिकामे करणारा प्रोग्राम इथे चुकतो. बेस नेहमी आलेल्या माहितीतूनच रंगवायचे, आपल्या तर्काने नाही. डॉजर्सच्या बेट्सच्या होमरनवर ८-५.

हाच नियम धावांनाही लागू. पंचांचा निर्णय फेरतपासणीत उलटला की धावा कमी होतात, काउंट मागे जातो. "धावा वाढतातच" असे धरणारी अट काढून टाकली.

२९ मार्च

यांकीज २०, ब्रूअर्स ९. पहिल्या तीन चेंडूंवर तीन होमरन (गोल्डश्मिट, बेलिंजर, जज), एकूण नऊ. मेट्सच्या चाहत्याच्या भिंतीवर हे पाहणे क्लेशकारक, पण चाचणी म्हणून लाखमोलाचे. दोन अंकी धावांना १६ स्तंभ पुरले.

होमरनची हलती पट्टी धावांच्या फरकावरून नव्हे, तर नोंदीतल्या घटनेच्या प्रकारावरून चालवायची. ग्रँड स्लॅमच्या (तिन्ही बेस भरलेले असतानाच्या होमरनच्या) चार धावा एकदम येतात, आणि चार धावा साध्या हिटांवर दोन फेऱ्यांतही येऊ शकतात. पट्टी ६ सेकंदांची केली. त्याहून लांब ठेवली तर पुढचा काउंट झाकला जातो.

३१ मार्च

सॅक्रामेंटोतला ॲथलेटिक्सचा पहिला घरचा सामना. कब्जनी १८-३ असा धुतला. फलकावर नाव "ॲथलेटिक्स", शहर नाही. बरोबर.

वाय-फाय तुटले तर जुनाच काउंट गोठून राहतो आणि कोणाला कळत नाही. शेवटची माहिती ६० सेकंदांहून जुनी झाली की उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका.

४ एप्रिल

सिटी फील्डवर मेट्सचा पहिला घरचा सामना, ब्लू जेजविरुद्ध. फलक दिवसभर चालू, बटणांखेरीज हात लावावा लागला नाही.

उरलेले काम: पावसामुळे पुढे ढकललेला सामना तोच क्रमांक घेऊन मूळ तारखेलाही राहतो आणि नव्या तारखेलाही येतो, त्यामुळे क्रमांकाबरोबर तारीखही जुळवायला हवी. दुहेरी सामन्याच्या दिवशी दुसरा सामना पहिला संपल्यावर सुरू होतो, पण माहितीत त्याची वेळ आधी नावापुरतीच टाकलेली असते. ती न दाखवता "दुसरा सामना" एवढेच लिहायचे. दोन्हीची खरी चाचणी पहिला पाऊस पडेल तेव्हा.